तीन माळा उकळलेला मास्क

सौ. वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार, आणि तुमच्या यजमानांनाही तो तिथल्या तिथे पोचवावा.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना डाव्या गुडघ्यातून आवाज येतो, आणि यजमान खालच्या खोलीत बसून तो आवाज ऐकून चहा गाळायला घेतात, असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते वाचून मी एकटीच हसले आणि मग देवासमोर जाऊन क्षमा मागितली. तेल कोमट करून लावत जा, आणि लावल्यावर लगेच उठू नका (तुम्ही उठता, मला माहीत आहे). इकडे सगळे देवदयेने ठीक आहेत. तुमचे बंधू ठीक. निवृत्त झाल्यापासून ते खुर्चीतून फारसे उठत नाहीत, आणि आजारी पडायलासुद्धा माणसाला थोडीफार हालचाल करावी लागते. आईही आज ठीक आहेत. ‘आज’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. गेल्या मंगळवारी त्या ठीक नव्हत्या, आणि का नव्हत्या हे तुम्हाला माझ्याच तोंडून कळावं म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोन आईंच्या खुर्चीपासून दोन हातांवर. मी इकडे ‘वन्सं’ म्हटलं की त्या तिकडून ‘तिला सांग’ म्हणून सुरू होतात, आणि मग मी काय सांगायचं ते त्याच ठरवतात. पत्रात मध्ये कुणाला बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण.

तर तुम्ही आईंच्या दम्यासाठी पाठवलेलं नेब्युलायझर पोचलं. घरात नवा जावई आल्यासारखी धांदल उडाली. तुमच्या बंधूंनी ते खोक्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि लांब उभे राहिले, जणू आधी त्याने काही बोलावं आणि मग यांनी. सोबत एक माहितीपत्रक होतं, इतकं पातळ आणि इतक्या घड्यांचं, की उघडल्यावर त्याने सगळं टेबल झाकलं आणि मिटल्यावर ते खोक्यात काही केल्या मावेना. (अजून माझ्या गादीखाली सपाट होतं आहे.) मी मॅट्रिकला शास्त्रात पास झालेली बाई, पण त्यातली आकृती पाहून मला शाळेतल्या बेडकाची आठवण झाली आणि मी ते बाजूला ठेवलं. शेवटी दवाखान्यातल्या सिस्टरांकडे जाऊन सगळं शिकून आले. या सिस्टर वयाने आपल्या लेकीसारख्या, पण आवाज असा की डॉक्टरसुद्धा आत येताना पाय पुसून येतात. त्यांनी आधी मला ‘वाफेचं यंत्र’ म्हणू दिलं नाही. ही वाफ नाही, औषधाचं धुकं आहे, म्हणाल्या. मग धुण्याची रीत सांगितली. आईंचं औषध घेऊन झालं की यंत्राच्या औषधाच्या कपात उरलेलं झटकून टाकायचं. कप आणि मास्क कोमट साबणाच्या पाण्यात धुवायचे, स्वच्छ पाण्यात खळबळायचे, झटकायचे आणि कोऱ्या कागदावर हवेत वाळू द्यायचे. आतून फडक्याने पुसायचं नाही. नळी पाण्यात घालायची नाही. आणि रोज एकदा जंतू मारायचे: एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी, त्यात अर्धा तास बुडवायचं आणि मग ते पाणी फेकून द्यायचं. किंवा पत्रकात परवानगी असेल तर कप दहा मिनिटं उकळायचा. ओल राहिली की जंतू, आणि जंतू राहिले की ते थेट छातीत, हे शेवटचं वाक्य त्यांनी अशा सुरात उच्चारलं, की घरी येईपर्यंत मी श्वाससुद्धा जपून घेतला.

माझ्या हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच असतात. तिथे मी रकाने आखले: धुतलं, वाळलं, उकळलं, आणि शेवटी शेरा. तुमचे बंधू म्हणाले, एवढ्या नोंदी तर आमच्या गोदामातसुद्धा ठेवत नव्हते. मी म्हटलं, म्हणूनच तुमच्या गोदामात उंदीर होते. तो विषय तिथेच मिटला.

आता चुका सांगते, म्हणजे मन मोकळं होईल. पहिली चूक नळीची. सिस्टरांनी बजावून सांगितलं होतं, पण वन्सं, तुम्हीच सांगा, कपाला आंघोळ, मास्कला आंघोळ आणि नळी बिचारी एकटीच पारोशी, हे माझ्या मनाला कसं पटावं? तिसऱ्या दिवशी मी तिला साबणाच्या पाण्यातून काढली. वरून स्वच्छ दिसली, पण आत पाणी राहिलं, आणि बटण दाबल्यावर यंत्राने अशी गुळणी केली की शेजारच्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. आईंच्या मास्कमध्ये बुडबुडे आले. आज औषधाला लिंबाचा वास आहे, एवढंच त्या म्हणाल्या. सिस्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या, नुसती नळी यंत्राला जोडून ठेवा आणि हवा सोडा, वाळेल. मग तुमचे बंधू पाऊण तास नळीचं टोक वर धरून बसले होते, बाळाला ढेकर काढायला खांद्यावर घेतल्यासारखे.

दुसरी चूक व्हिनेगरची, आणि ती माझ्या स्वभावाची आहे. वापरलेलं पाणी फेकून द्यायचं ही गोष्ट या हातांना जमत नाही. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना जातं, कपडे धुतलेलं पाणी अंगणाला जातं, आणि बाकी काही उरलंच तर तुमच्या बंधूंच्या सायकलीला. तर मी ते व्हिनेगरचं पाणी झाकणाच्या बरणीत भरून ठेवलं आणि रोज तेच वापरलं. पाचव्या दिवशी त्यात ढगासारखं काहीतरी तरंगायला लागलं. मला वाटलं, मेलेले जंतू असतील, म्हणजे औषध लागू पडतंय. त्याच दिवशी सिस्टर आईंचा रक्तदाब बघायला आल्या होत्या. त्यांनी बरणी उजेडात धरली आणि हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, जंतू मारायचं पाणी. त्या म्हणाल्या, नाही, हे जंतूंचं वसतिगृह आहे. त्या पाण्यातून काढलेला कप मी चार दिवस आईंच्या तोंडाशी धरत होते, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. (आईंना काही झालं नाही, देवाची कृपा.) त्यानंतर मी धुण्यात अशी काही पडले की विचारू नका. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि मध्ये कुणी यंत्राकडे नुसतं बघितलं तरी. साबण आणि व्हिनेगर यांनी माझ्या बोटांची सालं निघाली, दोन ठिकाणी चिरा पडल्या, पण ते सोडा, खोबरेल लावते आहे.

ताजं व्हिनेगर रोज मोरीत ओतायचं म्हणजे मात्र मला रोज एकदा कुणाला तरी पोचवून आल्यासारखं होई. म्हणून मी उकळण्यावर आले. पत्रकात कपाला उकळायची परवानगी होती, मास्कला नव्हती. पण दोघं एकाच कामाचे, एकाच तोंडाशी जाणारे, त्यांना दोन न्याय कसे लावायचे? मी दोघांनाही घालायला लागले. (हे सिस्टरांना अजून माहीत नव्हतं.) राहता राहिली दहा मिनिटं. स्वयंपाकघरात घड्याळ नाही आणि तुमचे बंधू मनगटातलं काढून देत नाहीत. मग मी एकदा त्यांना समोर बसवून माझा जप मोजला. माळेचे तीन फेरे झाले की बरोबर दहा मिनिटं. छान सोय झाली. इकडे भांडं, तिकडे जप, एका विस्तवावर दोन पुण्यं. आता माझा जप कसला असतो ते तुम्हाला सांगायला नको, तोंडात देवाचं नाव आणि मनात दूध किती उरलं आहे. शिवाय मन:स्थितीप्रमाणे वेग बदलतो. ज्या दिवशी तुमच्या बंधूंनी ओला टॉवेल गादीवर टाकला, त्या दिवशी तीन माळा सहा मिनिटांत झाल्या आणि जंतूंना चार मिनिटं माफ झाली.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. आईंची एक सवय तुम्हाला माहीत असेलच. चेहऱ्याला पावडर लावल्याशिवाय त्या कुणासमोर बसत नाहीत, आणि यंत्रासमोर बसणं हे त्यांच्या मते चारचौघांत बसण्यासारखंच. त्यामुळे दर खेपेला मास्कच्या नाकाकडच्या कडेला पावडरचा एक पांढरा अर्धगोल उमटलेला असे. आत थेंब जमलेले असत. तो अर्धगोल काढायला दोन बोटं आतून फिरवावी लागत, आणि तिथेच माझ्या चिरा झोंबत. एका शुक्रवारपासून मास्क कोराच येऊ लागला. ना पावडर, ना थेंब. मी औषध घालून यंत्र त्यांच्या हाती देत असे आणि आमटीला फोडणी घालायला आत जात असे. बाहेरून यंत्राची घरघर ऐकू येई, दहा मिनिटांनी आई बटण बंद करून मास्क माझ्या हाती देत, आणि तो असा लख्ख की धुवायचा तरी काय हा प्रश्न पडे. वन्सं, मला आनंद झाला. खरंच सांगते, मला आनंद झाला. मी वहीत चार दिवस शेरा लिहिला आहे, ‘स्वच्छ. देवाची कृपा.’ वही तुम्ही आल्यावर दाखवीन, त्यातलं एक अक्षर मी खोडलेलं नाही.

पण त्याच चार दिवसांत आईंचा दम वाढत चालला. आधी जिन्यावर, मग मोरीपर्यंत, मग नुसतं कूस बदलताना. औषध तर चालू आहे, मग असं का? डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले औषध चुकवू नका, दोन दिवस बघू, नाहीतर घेऊन या. चुकवायचा प्रश्नच नव्हता, तिन्ही वेळा यंत्राची घरघर मी स्वतःच्या कानांनी ऐकत होते. मग मला वाटलं, माझंच धुणं कमी पडतं आहे, कुठेतरी जंतू उरतो आहे. मी आणखी जोरात घासायला लागले, आणि आई माझ्या हातांकडे आणखी बघायला लागल्या. तेव्हा मला त्या नजरेचा अर्थ कळला नाही. वाटलं, त्याही चूक शोधत असतील, एकतीस वर्षांची सवय आहे.

मंगळवारी सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ‘चहात’ एवढं म्हणून थांबल्या. पुढचा शब्दच येईना. वन्सं, एकतीस वर्षांत या बाईंनी माझ्या चहाबद्दल एकही वाक्य अर्धवट सोडलेलं नाही. औषधाची वेळ व्हायला पाऊण तास होता. त्याआधी कप आणि मास्क अगदी निर्मळ करून ठेवावेत म्हणून मी ते उकळायला ठेवले आणि माळ घेऊन बसले. आणि त्या दिवशी, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, माझं मन जपात लागलं. दूध नाही, साबण नाही, टॉवेल नाही. त्यांचं वाक्य पुरं होऊ दे, एवढंच मागत होते. किती माळा झाल्या मला कळलं नाही. भानावर आले ती वासाने. भांड्यातलं पाणी कधीच संपलेलं, आणि तळाशी कप आणि मास्क एकजीव होऊन धिरड्यासारखे पसरलेले. जंतू मेले होते, यात शंकाच नाही.

आणि त्याच वेळी बाहेरून आईंच्या छातीतली शिट्टी ऐकू आली. मी भांडं तसंच धरून बाहेर आले. तुमच्या बंधूंनी आधी भांड्याकडे बघितलं, मग आईंकडे, आणि ते धावले. लग्न झाल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा धावताना पाहिलं. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात माझी. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, नवा कप मिळताक्षणी औषध द्या, आणि त्यातूनही पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर तडक घेऊन या. शेजारचे निवृत्त हेडमास्तर आवाज ऐकून आले. त्यांच्याकडे असंच यंत्र आहे, आणि ते मोठ्या मनाने आपला कप आणि मास्क घेऊन आले. मी कप उजेडात धरला. आत हिरवं होतं. मी विचारलं, हे कधी धुतलं होतं? ते म्हणाले, दोन वर्षांत एकदाही नाही, आणि मला काहीही झालेलं नाही. एवढं सांगायला त्यांना खोकत खोकत चार वेळा थांबावं लागलं. माणूस भला, पण मी तो कप कागदात गुंडाळून त्यांच्या खिशात परत घातला. त्या दोन मिनिटांत काय काय मनात आलं ते लिहीत नाही. आईंचे ओठ काळसर दिसायला लागले होते, आणि घरात जगातला सगळ्यात घाणेरडा कप माझ्या हाताशी होता, आणि सगळ्यात स्वच्छ कप जळून गेला होता.

तुमचे बंधू आले ते घामाघूम. औषधवाल्याकडे मोठ्या माणसांचा संच संपला होता, लहान मुलांचा होता. कप तोच, पण मास्क माशाच्या आकाराचा, निळा, दोन डोळे आणि हसरं तोंड असलेला. मी तो साबणाच्या पाण्यातून काढला (नवा असला तरी, सिस्टरांचं सांगणं), खळबळला, झटकला, औषध घातलं, बटण दाबलं आणि मासा आईंच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं. मी पुन्हा नेला, त्यांनी हाताने बाजूला सारला. मला वाटलं, माशाची लाज वाटते आहे, पावडर लावायची राहिली आहे. तुमचे बंधू ओरडले, आई, घे ना. तेव्हा त्या, एकेका शब्दाला श्वास जोडत, माझ्याकडे बघून म्हणाल्या,

‘नको. पुन्हा धुवावं लागेल तुला.’

मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. शुक्रवारी त्यांनी माझी बोटं पाहिली होती. सांगून मी ऐकणार नाही हे त्यांना माहीत होतं (आणि ते खरं आहे). म्हणून त्यांनी आपल्या परीने तोड काढली. मी आत गेले की त्या यंत्र चालू करत आणि मास्क तोंडाला न लावता खिडकीतल्या कुंडीकडे धरून बसत. दहा मिनिटं झाली की बंद. श्वास लागला नाही म्हणजे मास्क उष्टा झाला नाही, आणि उष्टा झाला नाही म्हणजे सुनेला धुवायला नको, असा त्यांचा साधा हिशेब. चार दिवस, तिन्ही वेळा, तुम्ही पाठवलेल्या यंत्रातलं औषध त्या झाडाने घेतलं. (झाडाला तीन नवी पानं फुटली आहेत. मी त्याच्याकडे बघत नाही.) आणि मी तो कोरा मास्कही पुन्हा धूत होते, पुन्हा उकळत होते, आणि वर देवाची कृपा म्हणून लिहीत होते.

वन्सं, मी त्यांच्यापुढे कधी आवाज चढवलेला नाही, तुम्ही साक्षीला आहात. त्या दिवशी चढवला. मी म्हटलं, ‘आई, धुणं माझं काम, श्वास घेणं तुमचं काम. मी तुमच्या कामात पडत नाही, तुम्ही माझ्या कामात पडू नका.’ खोलीत मासा घरघरत होता. ज्या घरात एकतीस वर्षं आम्ही दोघींनी एकमेकींच्या कामात पडण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, तिथे हे वाक्य ऐकून तुमच्या बंधूंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. आईंनी माझ्याकडे बघितलं. मग माझा हात धरला, चिरांच्या बाजूने नाही, पाठीच्या बाजूने, आणि हातासकट मासा आपल्या तोंडावर ओढून घेतला.

मासा लहान पडत होता म्हणून मी तो दोन्ही हातांनी कडेने दाबून धरला होता. दहा मिनिटं आम्ही दोघी अशा समोरासमोर, मध्ये तो हसरा मासा. आधी शिट्टी बारीक झाली, मग तुटक झाली, मग नुसता श्वास राहिला. ओठांवर रंग आला. यंत्र थांबलं, त्यांनी मासा खाली घेतला, घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या की चहात साखर कमी होती. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून जे रडले, ते साखरेसाठी नाही हे तुम्हाला कळेल. मग डोळे पुसले आणि मासा धुतला. माशाच्या आत थेंबच थेंब होते. इतकी ओली वस्तू धुताना मला जन्मात कधी बरं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी आईंना दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध नियमाने घ्या म्हणाले, आणि असा दम पुन्हा लागला तर घरात प्रयोग करत बसू नका, उचलून घेऊन या. सिस्टरांनी करपलेलं भांडं बघायला मागवलं होतं. त्यांनी ते बराच वेळ फिरवून फिरवून बघितलं आणि मला एवढंच विचारलं की यात मास्क का होता. मग त्यांनी माझे हात बघितले आणि एकदम मऊ झाल्या. रबरी हातमोजे घाला, म्हणाल्या, साबण सौम्य घ्या, मास्क नुसता धुवा, उकळू नका. आणि कपाचे दोन संच ठेवा म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरा चालतो. धुणं औषधानंतर एकदा पुरे, उगीच मध्ये मध्ये नको. आता तसंच चाललं आहे. मोठ्या माणसांचा मास्क गुरुवारी मिळाला. पण आईंनी मासा टाकू दिला नाही.

पत्र लांबलं, पण एवढ्या चुका थोडक्यात मावत नाहीत. घरातल्या मोठ्यांच्या पायांवर माझं डोकं, धाकट्यांच्या डोक्यावर माझा हात, आणि तुमच्या गुडघ्यावर देवाची नजर राहो.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी आईंनी पत्र वाचायला मागितलं आणि मला नाही म्हणता आलं नाही. चष्मा लावून दोनदा वाचलं. बाकी सगळं बरोबर आहे म्हणाल्या, फक्त एक ओळ खोटी आहे. मंगळवारी माझं मन जपात लागलेलं नव्हतं. दुसऱ्या माळेच्या मध्यावर मी भिंतीला टेकून झोपले होते, तोंड उघडं टाकून, आणि थोडं घोरतही होते. त्यांना खुर्चीतून दारातून दिसत होतं. करपल्याचा वासही आधी त्यांनाच आला होता. मग हाक का नाही मारलीत, मी विचारलं, हाक मारण्याइतका दम नव्हता का? त्या म्हणाल्या, एका हाकेपुरता होता, पण यंत्र आल्यापासून तुला अशी पडलेली पाहिली नव्हती, म्हटलं राहू दे, कप काय दुसरा मिळतो. तेव्हा वर ‘माझं मन जपात लागलं’ असं जिथे लिहिलं आहे तिथे ‘झोप लागली’ असं वाचावं. देवालाही मी तसं कळवलं आहे.

ता. क. दुसरा. हे आईंना न दाखवता लिहिते आहे. परवा तुमच्या बंधूंशी तुम्ही फोनवर बोललात तेव्हा मी दाराशी होते (ऐकत नव्हते, केर काढत होते). तुम्ही महिनाअखेरीला येऊन आईंना कायमचं तिकडे नेणार, दिवसा बाई ठेवणार, असं ठरतं आहे. तुमचं बरोबर आहे. मुलीचा हक्क आहे, तुमचं घर कोरडं आहे, आणि इकडे काय काय झालं ते तुम्ही आत्ताच वाचलंत. मला हे सगळं लपवता आलं असतं. पण माझ्या चुका माहीत नसताना तुम्ही माझं म्हणणं ऐकलं असतंत, तर ते फसवून घेतल्यासारखं झालं असतं. आता सगळं माहीत आहे, म्हणून सांगते. तिकडची बाई चांगली असेल, मास्क नीट धुवेल. पण मास्क कोरा आला तर तिला बरंच वाटेल, जसं मला वाटलं. मला आता तसं वाटणार नाही. आता औषध संपेपर्यंत मी समोर बसते, आणि आमटी गार झाली तर होऊ दे. म्हणून एवढीच विनंती. तुम्ही जरूर या, पंधरा दिवस राहा, गुडघ्याला तेल मी लावीन. पण परतीचं तिकीट एकाच माणसाचं काढा. दोन काढलीत तर एक फुकट जाईल, आणि काही फुकट गेलेलं मला सोसत नाही, हे तुम्ही जाणताच.